राणीच्या बागेत तीनच प्राणी

पाचवीच्या मुलांना राणीच्या बागेत न्यायचंय, आत्या, तू इतकी वर्षं नेलीस, काहीतरी सांग ना, असं तू परवा पानावर बसल्या बसल्या म्हणालीस. घरात पाहुणे होते, बोलणं अर्धंच राहिलं. फोनवर सांगितलं तर तू भाजी निवडता निवडता ऐकशील आणि विसरशील. म्हणून वहीच काढली. सहल जानेवारीत आहे, म्हणजे हाताशी दीड महिना आहे. पुष्कळ झाला.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेव. मुलांना तीनच प्राणी दाखव. वाटेत आणखी दिसतील ते दिसू देत, कोणाचे डोळे बांधायचे नाहीत. पण बसायचं, थांबायचं, ते तिघांपुढेच.

हे मला कोणी शिकवलं नाही, चुकून शिकले. १९८६ साल, माझं नोकरीचं पहिलं वर्ष. लालबागची एकशेवीस मुलं घेऊन मी गेले आणि अडीच तासांत एकूण एक पिंजरा दाखवला. पुढे चला, हात धरा, पुढे चला. घसा बसला माझा. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिला आणि वह्या घरी आणल्या. त्यात बर्फाचा गोळा होता, रस्त्यातली गाणी होती, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला ते होतं. प्राणी होते ते यादीत: हत्ती पाहिला, वाघ पाहिला, अजगर पाहिला. ती यादी पोरांनी वर्गात बसूनही लिहिली असती. मला त्या रात्री झोप लागली नाही. गिरण्यांच्या संपानंतरची वर्षं होती ती. कितीतरी घरांत दोन वेळची चूल कशीबशी पेटत होती. त्या मुलांना पुन्हा कोण आणणार होतं बागेत? आणि जो एक दिवस त्यांच्या वाट्याला आला, तो मी धावपळीत घालवला. पुढच्या वर्षी तीन प्राणी ठरवले, आणि मग कधी चौथा केला नाही.

कुठले तीन, ते तू आधी एकटीने जाऊन ठरव. पिंजऱ्यांची कामं चालू असतात, प्राणी इकडचे तिकडे हलवलेले असतात, मागच्या वर्षीचं या वर्षी नसतं. माझे बहुतेक वेळा पाणघोडा, हरणं आणि वाघ असायचे. वाघ घ्यावाच लागतो गं, वाघ नाही दिसला तर सहल झालीच नाही असं मुलांना वाटतं.

पाणघोडा मात्र मी मुद्दाम आधी घ्यायची, कारण तो पहिल्यांदा दिसतच नाही. तळ्यापाशी पोचलं की नुसतं हिरवट पाणी. "बाई, इथं काहीच नाय" असं कोणीतरी म्हणतंच. तू काही बोलू नकोस. दिसेल अशा जागी मुलांना खाली बसव. उभी मुलं ढकलाढकली करतात, बसली की निम्मा गोंगाट आपोआप कमी होतो. मग वाट बघायची. थोड्या वेळाने पाण्यावर दोन भोकं उघडतात, फुस्स करून फवारा उडतो, दोन बारके कान गरागरा फिरून पाणी झटकतात आणि सगळं पुन्हा गडप. त्या क्षणी मुलांच्या तोंडाकडे बघ, पाणघोड्याकडे नको. तो तू नंतर कधीही बघशील.

आता मोजायला लाव. डोकं पाण्याखाली गेलं की मनातल्या मनात एक, दोन, तीन, ओठ न हलवता, आणि नाक वर आलं की थांबायचं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, बोलताना अडखळायचा म्हणून वर्गात तोंडच उघडायचा नाही. नाक वर आलं तसा तो उभा राहिला आणि म्हणाला, "एकशेसत्याऐंशी." स्पष्ट, एका दमात. शेजारची म्हणाली दोनशे दहा. मागचा म्हणाला दीडशे. झालं, भांडण. कोणाचं बरोबर? पाणघोडा तर एकच होता. त्या भांडणाने मला पुढचे आठ दिवस पुरवले. दुसऱ्या दिवशी वर्गात मीटरभर दोरीला दगड बांधला आणि खिडकीच्या गजाला टांगला. तेवढ्या लांबीचा लंबक इकडून तिकडे जायला जवळजवळ एक सेकंद घेतो. त्या दगडाच्या तालावर प्रत्येकाने आपापलं मोजणं तपासलं, आणि कोण घाईने मोजतं, कोण सावकाश, ते ज्याचं त्याला कळलं. गणिताच्या पुस्तकातला सेकंद त्या वर्षी कोणाला वेगळा शिकवावा लागला नाही.

तिथेच एक प्रश्न विचार आणि उत्तर देऊ नकोस: याचं नाक, डोळे आणि कान कुठे आहेत? मुलं बघतील, डोक्यावर वरच्या बाजूला, जवळजवळ एका ओळीत. मग विचार, असं आणखी कोणाचं असतं? मगर म्हणतील, आणि कोणीतरी पोर ओरडेल, बेडूक! ओरडू दे एवढं. असं का, ते त्यांचं त्यांना सुचतं. आपण सांगून टाकलं की ते सुचणं आपण त्यांच्याकडून काढून घेतो, बघ.

पाणघोड्याच्या अंगातून तांबूस चिकट द्रव पाझरतो. मुलांना ते रक्त वाटतं, घाबरतात बिचारी. ते रक्त नसतं. उन्हापासून कातडी सांभाळणारं, जखम चिघळू न देणारं ते त्याचं घरचं मलम आहे. हे मात्र तू सांग, कारण बघून कळण्यासारखं नाही. काय सांगायचं आणि काय मुलांवर सोडायचं, याची निवड मी एवढ्यावरच करत आले: जे डोळ्यांना दिसतं ते मुलांचं, जे दिसत नाही ते आपलं.

हरणांपाशी शिंगं बघायला लाव, बाकी काही नको. चितळ आणि सांबर यांची शिंगं भरीव, फांद्या फुटलेली, आणि ठरावीक काळाने गळून नवी येणारी. काळविटाची पिळदार शिंगं पोकळ, आतल्या हाडावर टोपणासारखी बसलेली, ती जन्मभर तीच. नीलगाईच्या नराचंही तसंच. पाठ करून घेऊ नकोस. विचार, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात ती कुठल्या जातीची? गावाकडची मुलं लगेच सांगतील, गळत नाहीत, म्हणजे काळविटासारखी. ज्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून तो मागच्या बाकावर बसतो, तो त्या दिवशी पुढे येतो. नव्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असलेला चितळ दिसला तर नशीब समज, तिथे जास्त थांब.

वाघाबद्दल मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेव की तो झोपलेला असणार. दिवसाचा बराच वेळ तो झोपूनच काढतो, जंगलातसुद्धा. नाहीतर मुलं डरकाळीची वाट बघतात, ती येत नाही, मग कोणीतरी टाळ्या वाजवतं, कोणीतरी काच ठोकतं. झोपलेला वाघ चित्र काढायला फार सोयीचा. पट्टे दोन्ही अंगांचे सारखे नसतात आणि एका वाघाचे दुसऱ्यासारखे नसतात. एका कुशीचे पट्टे काढायला सांग, पूर्ण वाघ नको. पूर्ण वाघ काढायला सांगितला की मुलं पुस्तकातला काढतात.

आणि वास. पिंजऱ्याजवळ गेलं की पोरं नाक दाबतात, "ईऽऽ, घाण" करतात. त्यांना रागावू नकोस, पण थांबव. वाघ आपली हद्द सांगायला झाडांवर जो फवारा मारतो, त्यात बासमतीला वास देणारं द्रव्य सापडलं. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्यावर काम केलं. आपल्या आंबेमोहोराला वास येतो तो त्याच द्रव्याचा. हे सांगितल्यावर एका वर्षी माझी अख्खी पाचवी नाकावरचे हात काढून दीर्घ श्वास घेत उभी होती. आला का वास? दोघातिघांना आला म्हणे. बाकीच्यांनी घरी जाऊन भाताच्या पातेल्यात नाक घातलं असणार.

आता तू म्हणशील, मुलं पाच-दहा मिनिटं बसतात का एका जागी? नाही बसत, सवय नसेल तर. म्हणून सवय आधी लाव. सहलीच्या आदल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं वर्गाच्या खिडकीतला कावळा बघायचा. सोमवारी मुलांना काहीच दिसणार नाही, कावळा आहे, बस. बुधवारपर्यंत तो डोकं वाकडं करून एका डोळ्याने बघतो हे दिसेल. शुक्रवारी दोन कावळ्यांतला फरक कोणीतरी सांगेल. एवढी तयारी झाली की बागेत काही शिकवावं लागत नाही. प्राण्यांची सगळी माहिती आधीच घोटून घेऊन जाणारे शिक्षक मी पाहिलेत. मुलं तिथे फक्त तपासून घेतात, हो, आहे बरं का सोंड. नवं काही दिसायला जागाच उरत नाही.

प्रत्येकाच्या गळ्यात दोरी बांधलेला पुठ्ठा, त्याला क्लिप, पाठकोरे दोन कागद आणि शिसपेन्सिल. खोडरबर नको. खोडत बसलं की बघणं थांबतं. मोबाइल तुझ्याकडे एकच असू दे, तोही पिशवीत.

पिंजऱ्याची देखभाल करणारे काका दिसले की त्यांना नमस्कार करून, त्यांच्या कामात अडथळा येत नाही ना ते विचारून, दोन मिनिटं मागून घे. बागेतलं सगळ्यात मोठं पुस्तक ते आहेत. मुलांनाच विचारू दे: हा किती खातो, कधी खातो, तुम्हाला ओळखतो का, आजारी पडला तर कसं कळतं? एका काकांनी माझ्या मुलांना सांगितलं की प्राणी बोलत नाही, म्हणून मी रोज सकाळी त्याची विष्ठा आधी बघतो, मग त्याला. मुलं हसली नाहीत. खूप प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी जनावरांना आठवड्यातून एक दिवस उपास ठेवतात, कारण जंगलात रोज शिकार मिळत नाही. हे ऐकून आमच्या संकष्टीवाल्या मुली फार खूश झाल्या होत्या. वाघ साबुदाण्याची खिचडी खातो का, असंही एकीने विचारलं, आणि काकांनी गंभीरपणे, नाही बेटा, तो पाणी पितो फक्त, असं उत्तर दिलं. मला ते फार आवडलं. मुलाच्या प्रश्नाची कोणी चेष्टा केली नाही की त्याला पुढचा प्रश्न सुचतो.

तुला उत्तर आलं नाही तर "मला माहीत नाही" असं मोठ्याने म्हण आणि वहीच्या शेवटच्या पानावर तो प्रश्न मुलाच्या नावासकट लिही. लाजायचं काही कारण नाही. खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींची गोष्ट तू वाचली असशील. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी, गळ्यावर पिवळा डाग, ही कुठली? घरात कोणाला सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. ही १८८३ सालची संस्था, आजही आहे. तिथले सचिव मिलार्ड साहेब पक्ष्याचं नाव सांगून मोकळे झाले असते. त्यांनी त्या पोराला आत नेलं आणि जतन केलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. आपल्याकडे खण नसतात. पण शेवटच्या पानावरचा प्रश्न आठवड्याभरात शोधून त्या मुलाला वर्गात उत्तर देणं जमतं आपल्याला.

पेंग्विनचं सांगते. मुलांचा सगळा हट्ट तिथे असणार. रांग मोठी असते, आत काच असते, पुढे सरका, पुढे सरका असतं, म्हणून मी तो माझ्या तिघांत कधी घेतला नाही. पण नेणारच असशील तर आदल्या दिवशी वर्गात पृथ्वीचा गोल ठेव. पेंग्विन म्हटलं की बर्फ, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आपल्याकडचे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तो किनारा रखरखीत आहे, बर्फ नाही, फक्त शेजारून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. २०१६ साली सोलहून आठ आणले, २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. आत १६ ते १८ अंश ठेवतात. त्यांच्या छातीवरचे काळे ठिपके एकाचे दुसऱ्यासारखे नसतात, तेवढं बघायला लाव. २०१८ च्या पंधरा ऑगस्टला तिथे पिल्लू जन्मलं, सगळ्या पेपरांत आलं, आणि आठवड्याभरात ते गेलं. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं, बाई, का मेलं? मी तिला देवाघरी गेलं असं सांगितलं नाही. कितीही काळजी घेतली तरी नवी पिल्लं कधी कधी जगत नाहीत, डॉक्टर आणि काका रात्रंदिवस तिथेच होते, असं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आमच्या घरीपण असं झालं होतं. असं काही मुलं बोलली की पाठीवर हात ठेवायचा, वर्ग पाच मिनिटं थांबला तरी चालतो.

आणि एक प्रश्न येईलच, दर वर्षी येतो: "त्याला सोडून का देत नाहीत?" तो टाळू नकोस. त्यासाठीच आपण गेलेलो असतो असं मला वाटतं. मुलांना खरं सांग. इथेच जन्मलेल्या वाघाला शिकार कोणी शिकवलेलीच नसते. सोडला तर तो उपाशी मरेल किंवा वस्तीत शिरेल. काही प्राण्यांचं जंगलच तुटलं. हेही सांग की पूर्वी याच बागेत मुलांना हत्तीच्या पाठीवर बसवून फिरवत, आणि लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पिंजरे म्हणजे गज आणि सिमेंट. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, जागा किती हवी, सावली किती हवी याचे नियम झाले, आता काच, खंदक, झाडं दिसतात. सुधारलं पुष्कळ. तरीही मला स्वतःला पिंजऱ्यासमोर उभं राहताना कधी पूर्ण बरं वाटलं नाही, आणि तेही मी मुलांना सांगायची. त्यांना आपलं मन कळलेलं चालतं.

तुझ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक आहे. तुझी शाळा भांडुपला. मागच्या डोंगरापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून मोठं, आणि तिथे बिबटे मोकळे आहेत. तुझ्या वर्गातल्या काही मुलांनी डोळे चमकताना पाहिलेही असतील. मग बागेतला बिबट्या त्यांना दाखवून काय सांगायचं? हा इथे बंद आहे आणि त्याचा भाऊ तुमच्या मागच्या डोंगरावर आहे. त्याच्या शेजारी राहायचं कसं? कचरा उघड्यावर टाकला की कुत्री जमतात, कुत्री जमली की बिबट्या येतो. तिन्हीसांजेला लहान मुलांनी एकटं परसाकडे जायचं नाही, मोठ्याला बरोबर घ्यायचं, बोलत जायचं, टॉर्च न्यायचा. दिसला तर पाठीमागे लागायचं नाही, गर्दी करायची नाही, त्याला जायला वाट ठेवायची. माझ्या लालबागच्या मुलांना मी हे कधी सांगू शकले नाही, तुला सांगता येईल. या एका गोष्टीसाठी तुझ्या तिघांतला एक प्राणी बिबट्याच घे, हरणं सोडलीस तरी चालतील.

आता व्यवहाराचं. बाग बुधवारी बंद. सकाळी साडेनऊला उघडते, तू सव्वानऊला फाटकाशी हवीस. पहिल्या दोन तासांत प्राणी हलतात-फिरतात, मुलंही ताजी असतात. एकच्या आत बाहेर पड. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र महिनाभर आधी दे, किती मुलं, कुठली इयत्ता ते लिही, आणि माहिती द्यायला कोणी मिळेल का ते त्याच पत्रात विचार. आधी एकटी जाशील तेव्हा प्राण्यांपेक्षा नळ, संडास, सावलीची जागा आणि पायऱ्या बघ. कुबड्या किंवा खुर्ची वापरणारं मूल असेल तर त्याची वाट तू स्वतः चालून बघ.

दहा मुलांमागे एक मोठं माणूस. पालक येतील त्यांना आदल्या दिवशी बोलावून सांग की फोटो काढायला यायचं नाही. मुलांची जोडी लाव आणि जोडीदाराची जबाबदारी जोडीदारावर दे. तू एकटी मोजत राहिलीस तर मोजतच राहशील. खिशात चिठ्ठी, शाळेचं नाव आणि तुझा नंबर. मुलाचं नाव छातीवर लावू नकोस, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याच्यामागे जातं. पाचवी-सहावीच्या मुलींसाठी पिशवीत पॅड आणि एक जास्तीची सलवार ठेव. एका वर्षी माझ्याकडे नव्हती, त्या पोरीचा पूर्ण दिवस रडण्यात गेला, ते मी अजून विसरले नाही. शिट्टी नेऊ नकोस. हात वर केला की गप्प, एवढी खूण पुरते.

डबा पोळी-भाजीचा, स्टीलच्या डब्यातला. वेफर्सची पाकिटं घरीच. खाण्याची जागा पिंजऱ्यांपासून लांब ठेव. हरणासमोर शेंगदाणे टाकायचा मोह मोठ्यांनासुद्धा होतो. पिशवीसकट गिळलं तर ते त्याच्या पोटात अडकून बसतं, हे मुलांना सांग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३८-जे आहे: प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खाऊ घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं, सगळं मना आहे. भीती घालायला नको सांगूस. दुसरा कोणी खडा मारताना दिसला तर काय म्हणायचं, ते मुलांना ठाऊक हवं म्हणून सांग. "काका, असं करू नका, कायदा आहे" हे वाक्य माझ्या मुलांनी खूपदा वापरलं, आणि बहुतेक वेळा काका ओशाळले.

दमली की झाडांकडे ने. ही बाग १८६२ ची, प्राण्यांइतकीच झाडांची. गोरखचिंचेच्या बुंध्याला हात गुंफून कितीजण लागतात ते मोजा. कैलासपतीचं फूल खाली पडलेलं मिळेल, आत शिवलिंग आणि वर नागाची फणी असल्यासारखं. झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं, हे ऐकून मुलं चाट पडतात. पिंजऱ्याबाहेरच्या घारी, कावळे, खारीही दाखव, हे इथे स्वतःच्या मर्जीने राहतात म्हणून. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीहून आणलेला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. वेळ उरला तर बघा, नाहीतर राहू दे.

परत आल्यावर "आम्ही पाहिलेले प्राणिसंग्रहालय" हा निबंध देऊ नकोस. कृपा कर. पाचवीच्या मुलांना चौथीच्या वर्गात पाठव, प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, स्वतः पाहिलेली, पुस्तकातली चालणार नाही. आणि पोस्टकार्डं आण. पन्नास पैशांना एक मिळतं. त्या काकांना वर्गाकडून पत्र लिहा, प्रश्नांची उत्तरं दिलीत म्हणून, आणि एक नवा प्रश्न विचारा. एका वर्षी आम्हाला उत्तर आलं होतं. दोन ओळी होत्या, पण वर्गाच्या भिंतीवर ते कार्ड वर्षभर होतं.

जमलं तर मुख्याध्यापकांना सुचवून बघ, वर्षातून एक लांब सहल करण्यापेक्षा तासा-दीड तासाच्या दोन तरी. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात मुलांचा क्लब चालतो, तीच मुलं पुन्हा पुन्हा येतात. एका प्राण्याला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बघितलं की फरक कळतो. आपल्याला तेवढं परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी विचार.

माझे पुठ्ठे माळ्यावर हिरव्या ट्रंकेत आहेत, पंचेचाळीस. दोऱ्या चांगल्या आहेत. क्लिपा गंजल्या असतील, त्या नव्या घे, आणि मोजून घे, दोन-तीन कमी असतील. रविवारी ये, तुझा मामा शिडी धरेल.